संमतीपत्रावरचे अंगठे

“ही? ही आमच्याकडे टायपिंग बघते.”

सर असं म्हणाले तेव्हा माझ्या हातात तबक होतं. तबकात शाल, नारळ, गुलाबाची दोन फुलं. संस्थेच्या अध्यक्षांनी शाल उचलता उचलता सहज विचारलं होतं, “ही मुलगी कोण?” सरांनीही सहजच उत्तर दिलं. दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं.

“टायपिंग छान झालंय हं,” अध्यक्ष म्हणाले. पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसले. मीही हसले.

शाल अध्यक्षांच्या सुनेच्या खांद्यावर गेली. या मॅडम आमच्याच कॉलेजात शिकवतात. त्यांचा पेपर परदेशातल्या एका मोठ्या जर्नलमध्ये छापून आला होता. सोलापुरातल्या विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांची दुखणी, असा विषय. सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, “मॅडमनी वस्त्यावस्त्यांतून पायपीट करून हे संशोधन सिद्ध केलं.” टाळ्या पडल्या. तबक धरून टाळ्या वाजवता येत नाहीत. म्हणून मी तबक टेबलावर ठेवलं आणि वाजवल्या.

त्या वस्त्यांमधून मी फिरले होते. अकरा महिने. पेपर मी लिहिला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या संदर्भापर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर सर जवळ आले. “चहाचं बघ जरा. आधी पाहुण्यांना.”

“हो सर,” मी म्हणाले. आणि वर, “थँक्यू सर.”

थँक्यू कशाबद्दल, असं कुणी विचारलं असतं तर मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज येतं. सांगताना मान खाली जाते, पण येतं.

मी सांगोला तालुक्यातली. घरात मेंढरं. आई-वडील दोघंही शाळेत गेलेले नाहीत. आमच्या भावकीत दहावी झालेली मी पहिली, कॉलेजात गेलेली पहिली, पदवीचा कागद घरी आणलेली पहिली. तो कागद वडिलांनी काचेत बसवून भिंतीला लावला. येईल त्याला दाखवायचे. काय लिहिलंय ते त्यांना वाचता यायचं नाही, पण बोट बरोबर माझ्या नावावर ठेवायचे.

एम.ए.ला सोलापूरला आले तेव्हा वसतिगृहाच्या यादीत माझं नाव नव्हतं. दोन दिवस सामान घेऊन एका मैत्रिणीच्या मावशीकडं राहिले. तिसऱ्या दिवशी सरांनी एक फोन केला आणि सात रस्त्याजवळच्या वसतिगृहात मला खाट मिळाली. पुढे पुस्तकं त्यांनी दिली. पीएचडीला त्यांच्याच हाताखाली जागा दिली. माझं इंग्रजी त्यांनीच सुधारलं. मुलाखतीत मी घाबरून मराठीत बोलायला लागले, तर तेच म्हणाले, “बोलू द्या तिला. विषय कळतोय तिला.” हे सगळं खरं आहे. यातलं काहीही मला पुसायचं नाही.

पीएचडीचं नक्की झालं तेव्हा वडील सरांना भेटायला आले. डाळिंबाची पेटी घेऊन. वडील सरांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. तरी केबिनमध्ये शिरताच वाकले आणि पाया पडले. “पोरगी तुमच्या वटीत टाकलीय बगा, सर.”

सर “अहो, अहो” म्हणाले. पाय मात्र मागे घेतले नाहीत.

मी दाराशी उभी होते. मला तेव्हा लाज वाटली ती वडिलांच्या वहाणांची. त्यांनी बाहेर काढलेल्या वहाणांना मेंढरांचा वास येत होता. मी त्या पायानं जरा बाजूला सरकवल्या.

सरांच्या केबिनमध्ये कामाची एक पद्धत होती. विद्यार्थ्यानं लिहायचं. सरांनी ‘बघायचं’. आणि अगदी शेवटी, पेपर पाठवायच्या दिवशी, चहा पिता पिता नावं ठरायची. कुणाची बढती अडली आहे, कुणाला एक पेपर कमी पडतो आहे, कुणाचं मन राखायचं आहे. एकदा एका सहकाऱ्याच्या जावयाला लग्नाच्या आहेरात पेपर गेला होता. म्हणजे जावयाचं नाव तिसऱ्या क्रमांकावर घातलं होतं. “भांडीकुंडी काय, कुणीही देतं,” सर म्हणाले होते. सगळे खळखळून हसले. मीही हसले. हसण्यात मी कधी मागे राहिले नाही.

विडीच्या पेपरच्या वेळी चहाबरोबर ठरलं की पहिलं नाव मॅडमचं. दुसरं सरांचं.

“आणि सर...” मी म्हणाले.

“तुझं घेऊ की पुढच्याला. तुला कुठं घाई आहे? त्यांची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात.” मग म्हणाले, “तुला आभारात घेऊ. टाइप कर, लेखनिक साहाय्याबद्दल आभार.”

मी टाइप केलं. स्वतःचं नाव, आणि त्यापुढं की हिनं लेखनिक साहाय्य केलं. नावात टायपाची चूक होऊ नये म्हणून दोनदा तपासलं.

इथवर जे सांगितलं, त्यात माझ्यावर अन्याय झालेला दिसतो. ऐकणाऱ्याला माझी कीव येईल. म्हणून इथं थांबता येत नाही. पुढचं मी केलेलं आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीच्या गल्ल्यांत मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी बोलायला तयार नव्हतं. बायका उंबऱ्यात, ओसरीवर, नळाशेजारी बसलेल्या. मांडीवर सूप. सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. हात चालूच. मान वर न करता विचारायच्या, “सरकारकडनं आलीस का?” आपसात तेलुगूत बोलायच्या आणि हसायच्या. मी माठासारखी उभी राहायचे.

नागमणीअक्कानं मला बसायला पोतं दिलं. साठीची बाई, बारीक, आवाज मोठा. “बस गं. पाय दुखंल.” तिनं मला सगळ्या गल्लीत फिरवलं. “आपलीच पोरगी हाय, बोला की,” असं सांगितलं. तिच्यामुळं साठ बायका माझ्याशी बोलल्या.

तिच्या उजव्या मनगटावर विंचू गोंदलेला. त्याच्या खाली तेलुगूत थोरल्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला; सून धाकट्याची. ती विडी वळायची तेव्हा तो विंचू हलायचा. एकदा मी मोबाइलवर फोटो काढला. म्हटलं, “किती छान दिसतंय अक्का.” ती म्हणाली, “काढ की. हाताला काय लागतंय.”

पावसाळ्यानंतर तिची बोटं वळेनाशी झाली. सकाळी मूठ मिटायची नाही. एक दिवस सून आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “माजं हात गेलं गं. आता सून वळती. कार्ड माज्या नावावर. मी नुसती बंडलं घेऊन कारखान्यात जाती. ह्ये लिहू नको हं. कळलं तर वळायला पान द्यायचं बंद करतील.”

“नाही लिहिणार अक्का.”

मी वहीत लिहिलं, आणि बाजूला फुली मारली. फुली म्हणजे हे छापायचं नाही. पुढं पेपर लिहितानाही ती फुली समोर होती.

पेपर लिहिताना मात्र ती ओळ मला सोडवेना. बाकी सगळे तक्ते, टक्केवारी, कोरडं. आणि ही एक ओळ जिवंत. मी ती चौकटीत घातली. वय घातलं. मुलगा गेल्याचं घातलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, “वा. हे बोलतंय.” मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी वसतिगृहातल्या पोरींना भजी खाऊ घातली. ती ओळ सरांनी घातली नव्हती. मॅडमनी पेपर उघडलासुद्धा नव्हता. ती मी घातली होती.

फोटो सरांनी निवडला. “हा घे. विंचवाचा.”

“सर, यात गोंदण दिसतंय. ओळखू येईल.”

“तिकडं परदेशात कोण ओळखणारेय तिला?”

मी फोटो जोडला. दुसरा सुचवला नाही.

पेपर स्वीकारला गेला आणि मग एडिटरचं पत्र आलं. साठही बायकांची लेखी संमती जोडा, फोटोची संमतीही त्यातच हवी. आठवड्याची मुदत होती. सरांनी ते पत्र सहाव्या दिवशी दुपारी उघडलं.

संमती माझ्याकडं नव्हती. मी प्रत्येकीला विचारलं होतं, “मावशी, थोडं बोलू का?” आणि प्रत्येकीनं म्हटलं होतं, “बोल की.” तेवढंच. तुमचं बोलणं छापू का, कुठं छापणार, कोण वाचणार, हे मी एकीलाही सांगितलेलं नव्हतं.

“सर, जाऊन घेऊन येते. तीन दिवस लागतील. एडिटरना कळवू या.”

“मुदत वाढवून मागितली की संशय येतो. आणि तू गेलीस की त्या विचारणार, हे कशाला, ते कशाला. नसता घोळ.” त्यांनी खणातून शाईचं निळं पॅड काढून टेबलावर ठेवलं. “विडीवाल्या बायका. अंगठेच असणार. उरकून टाक.”

त्यांनी ‘तू अंगठे उठव’ असं म्हटलं नाही. ‘उरकून टाक’ म्हणाले. चौकशीत पुढे हा फरक फार मोठा झाला. पण मला तेव्हाही कळलं होतं आणि त्यांनाही.

विभागाच्या ग्रंथालयाचं दार मी आतून लावलं. साठ कागद. आधी डावा अंगठा, मग उजवा. मग वाटलं, सगळे सारखे दिसतील, म्हणून तर्जनी, मधलं बोट. काही फिकट, काही गडद, काही तिरके. एक मुद्दाम पुसट केला, म्हातारीचा वाटावा म्हणून. माझं काम नेहमी नीटनेटकं असतं. हेही नीटनेटकं झालं.

शाई तीन दिवस गेली नाही. मेसमध्ये मी चमच्यानं जेवले. पोरी म्हणाल्या, “काय मॅडम, मोठ्या झाला की!”

लहानपणी वडिलांबरोबर बँकेत गेले की ते अंगठा उठवायचे आणि उरलेली शाई डोक्याच्या केसांना पुसायचे. कारकून म्हणायचा, “अहो, तो फडका आहे ना तिथं.” मग ते ओशाळून हसायचे. मला वाटायचं, आपण शिकलो की हे संपेल.

सत्कारानंतर सरांनी वर्तमानपत्राला मजकूर दिला. मराठीत, चौकटीतल्या ओळीसकट. सोबत फोटो. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. नागमणीअक्काची सून. सासूला ती अत्तम्मा म्हणते.

“ताई, पेपरात आमच्या अत्तम्माचा हात आलाय.”

मी म्हणाले, “हो का?” आवाज शक्य तितका साधा ठेवला.

“कारखान्यात पान दिलं नाही आज. चेकर म्हणाला, हात चालत नाही म्हणून तूच सांगितलंस, मग कार्ड कशाला पाहिजे? सगळ्या बायांसमोर पेपर दाखवला.”

चेकर म्हणजे कारखान्यात विड्या तपासून घेणारा माणूस. अक्काचा चेहरा त्यानं कधी नीट पाहिला नसेल. हात मात्र वीसेक वर्षं रोज त्याच्या टेबलावर बंडलं ठेवत होता. परदेशात तिला कुणी ओळखलं नाही, हे सरांचं खरंच होतं.

मी रिक्षा करून गेले. जाताना फाइल बरोबर घेतली. का घेतली, माहीत नाही. बहुतेक काहीतरी कागदोपत्री दाखवता येईल, माझी बाजू मांडता येईल असं वाटलं असेल. शिकलेल्या माणसाला कागदाचा आधार वाटतो.

अक्का उंबऱ्यात बसली होती. मांडीवर सूप नव्हतं. तिला मी रिकाम्या मांडीनं पहिल्यांदाच पाहिलं.

“बस,” ती म्हणाली. पोतं दिलं नाही.

“अक्का, चुकलं.”

“काय चुकलं त्ये तर सांग. काय लिवलंयस त्ये वाच आदी.”

मी पेपर काढला. इंग्रजीतून मराठीत सांगत गेले. शेजारच्या दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. चौकटीपाशी आले. तेही वाचलं.

“ह्ये मी म्हटलं?”

“हो अक्का.”

“आन् लिहू नको म्हटलं, त्ये कुटं लिवलंयस?”

शेजारणीतली एक तेलुगूत काहीतरी पुटपुटली. कुणी हसलं नाही.

“मी व्हय म्हटल्याचा कागद आसंल की,” अक्का म्हणाली. “पान देताना कारखानावालं सुदीक सही घेतंय. तुमी तर शिकल्याली माणसं.”

मी संमतीपत्राची झेरॉक्स काढली. हात पुढं होत नव्हता, तरी केला. अक्कानं सुनेकडून चष्मा मागवला. कागद लांब धरला. नाव माझ्या अक्षरात, मराठीत. पुढं निळा ठसा.

“ह्यो कुणाचा?”

मी फाइल मिटली.

“सांग की. ह्यो अंगठा कुणाचा हाय?”

“माझा.”

तिनं माझ्या फाइलला अडकवलेलं पेन घेतलं. तिची बोटं पेनावर मिटत नव्हती, म्हणून अंगठा आणि तळवा यांच्या बेचक्यात धरलं. उंबऱ्यात पडलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला, फोटोच्या शेजारी, हळूहळू तेलुगूत सही केली. गोल गोल अक्षरं. एका ओळीत, सरळ. शेवटी खाली एक रेघ.

“मला सही येती की गं. सातवी झालीय माजी. तेलगू शाळंत. पाचवीला पैला नंबर हुता.” मग चष्मा काढून तिनं माझ्याकडं पाहिलं. “तू इचारलंच न्हाईस.”

प्रश्नावलीत शिक्षणाचा रकाना होता. मी वसतिगृहात येऊन अक्काची प्रश्नावली शोधली. त्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘निरक्षर’. तिच्या मांडीवरचं सूप बघितलं, लुगडं बघितलं, वय बघितलं आणि लिहिलं. आणखी किती जणींच्या पुढं असंच लिहिलं असेल, मला आठवेना. पेपरातला तो निरक्षरांचा टक्का मॅडमनी सत्कारात वाचून दाखवला होता.

अध्यक्षांनी मला बघून निदान विचारलं तरी होतं, ही मुलगी कोण. मी अकरा महिने अक्काच्या घरचा चहा प्याले आणि तेवढंही विचारलं नाही.

मला माझ्या अपमानाचा फार राग होता. रात्रंदिवस तोच घोळवत होते. तबक, टायपिंग, आभाराची ओळ. त्या रागाच्या आडोशाला मी स्वतः काय करत होते ते मला दिसलंच नव्हतं. सरांनी मला हात समजलं होतं, टाइप करणारे. मी अक्काला हात समजलं होतं, फोटोत छान दिसणारे.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. म्हणाले, “सर, एडिटरना कळवायला पाहिजे. पेपर मागे घ्यायला पाहिजे.”

सर चिडले नाहीत. खुर्ची दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या केबिनमध्ये खुर्चीवर बसले.

“बघ,” ते म्हणाले, “बाईचं वाईट झालं. मलाही वाईट वाटतं. आपण कारखान्यात कुणाला तरी सांगू. पण पेपर मागे घेतला तर मॅडमची बढती जाते, माझी इतक्या वर्षांची इज्जत जाते. आणि तुझी पीएचडी?”



“पुढच्या पेपरला तुझं पहिलं नाव. लिहून देतो. आणि पुढच्या वर्षी आपल्याकडं जागा निघतेय.”

हे ऐकून मन हललं नाही असं मी म्हणणार नाही. हललं. वडील काचेत आणखी एक कागद लावताना दिसले.

“सर, साठ संमतीपत्रं खोटी आहेत.”

“त्यावर अंगठे कुणाचे आहेत?” त्यांचा आवाज तोच होता, मऊ. “माझे तर नाहीत.”

“माझे आहेत,” मी म्हणाले. “तेच लिहिणार आहे.”

“तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू? माझ्या पदरात घातलं होतं त्यांनी तुला.”

मी उठले. खुर्ची नीट आत सरकवली. बाहेर येऊन जिन्यावर बसले.

वडिलांना मी फोन केला. सरांच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून. सगळं सांगितलं. मागं मेंढरं ओरडत होती.

“सरांचं पाय धर,” ते म्हणाले. “माफी माग. लई उपकार हायती त्यांचं आपल्यावर.”

“हायती, आप्पा. पर माझ्यामुळं एका बाईचं काम गेलं.”

“मग तिचं बी पाय धर. पर सरांना सोडू नगंस.”

मी फोन ठेवला. त्यांनी अजून मला नीट माफ केलेलं नाही.

एडिटरला मी ईमेल लिहिला. आधी माझं इंग्रजी सर सुधारायचे. या वेळी कुणी सुधारलं नाही. लिहिलं की पेपरला जोडलेल्या साठ संमतीपत्रांवरचे सगळे ठसे माझ्या बोटांचे आहेत. की पहिल्या लेखिकेनं या कामात भाग घेतलेला नाही. की चौकटीतली ओळ छापू नको असं त्या बाईनं मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ती छापली. की शिक्षणाचा रकाना मी न विचारता भरला. की अंगठे मी माझ्या गाईडच्या सांगण्यावरून उठवले, पण मला काय करते आहे ते कळत होतं. माझं नाव लेखकांत घाला, असं मी कुठंही लिहिलं नाही. ते लिहायची फार इच्छा झाली होती. एक वाक्य लिहून खोडलंसुद्धा.

जर्नलनं पेपरवर सूचना टाकली की या लेखाबाबत चौकशी सुरू आहे. कॉलेजनं समिती नेमली. तिघेजण. त्यातल्या एका बाईंनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, “बाळ, तू ताणाखाली होतीस. घाईत चूक झाली, सरांना माहीत नव्हतं, असं लिहून दे. वय लहान आहे तुझं. सुटशील.” दुसऱ्या सदस्यांनी बाहेर पॅसेजमध्ये गाठून उलटं सांगितलं. सरांचं आणि त्यांचं जुनं वाकडं. “तू नुसतं सरांनी करायला लावलं एवढंच लिही. तुझ्या अंगठ्यांचं कशाला काढतेस?”

आत गेल्यावर मी तिघांसमोर म्हणाले, “अंगठे मी उठवले. सरांनी उरकायला सांगितलं. दोन्ही लिहा.”

“दोन्ही लिहिलं तर तुझंच नुकसान आहे,” त्या बाई म्हणाल्या.

“दोन्ही लिहा.”

सरांनी माझं मार्गदर्शन सोडल्याचं पत्र दिलं. दुसरे गाईड मिळत नाहीत. विभागातल्या मुली पॅसेजमध्ये माझ्याशी बोलायच्या थांबल्या. एक जण म्हणाली, “ज्या ताटात खाल्लं...” आणि पुढचं न बोलता गेली.

अक्काच्या सुनेबरोबर मी कारखान्यातही जाऊन आले. चेकरला म्हणाले, “ही माहिती छापायचा आम्हाला हक्क नव्हता. ती धरून तुम्ही यांचं काम बंद करू नका.”

त्यानं विचारलं, “मॅडम, तुमी खोटं छापलंय का?”

एक ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित कार्ड परत मिळालं असतं. सून माझ्या तोंडाकडं बघत होती. पण हो म्हटलं असतं तर आणखी एक खोटा कागद मीच तयार केला असता, आणि उद्या तो अक्काच्याच अंगावर आला असता. मी म्हणाले, “खोटं नाही. हक्क नव्हता.”

“मग खरंच हाय की,” तो म्हणाला आणि पुढच्या बाईची बंडलं घेतली.

परत येताना सुनेनं रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावली. उतरताना म्हणाली, “तुमचं खरं तुमच्यापाशीच राहू द्या, ताई.” बरोबर होतं तिचं. माझ्या खऱ्यानं तिच्या घरात काही आलं नाही. कार्ड अजून बंदच आहे. सून आता दुसऱ्या एका बाईच्या कार्डावर वळते, आणि त्या बाईला त्यातला वाटा द्यावा लागतो.

वसतिगृहातून या महिनाअखेर खाट सोडायची आहे. शेजारच्या गल्लीत एक खोली बघितली आहे. दुपारी शिकवणी घेते.

वह्या माझ्याकडं आहेत. सर मागत होते, दिल्या नाहीत. साठ बायकांचं बोलणं त्यात आहे. या आठवड्यापासून मी एकेकीच्या घरी जाते आहे. उंबऱ्यात बसून तिनं सांगितलेलं तिलाच वाचून दाखवायचं, काय छापलं ते सांगायचं, खोटा कागद मी केला हे सांगायचं. शाळा किती झाली ते विचारायचं. मग तिनं ठरवायचं. राहू दे म्हणाली तर राहू द्यायचं, नको म्हणाली तर तिचं पान तिच्यासमोर फाडून तिच्या हातात द्यायचं. शिव्या दिल्या तर ऐकायच्या. काल एकीनं दार लावून घेतलं. उद्या पुन्हा जाणार आहे.

नागमणीअक्का पहिली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माजं काढ.” मी काढलं. माझ्या वहीतलं सगळ्यांत चांगलं पान ते होतं.

साठाच्या साठ जणींनी नको म्हटलं तर साठही जातील. त्यातून पीएचडी उरली तर उरली. नाही उरली तर वडिलांना मी स्वतः गावी जाऊन, समोर बसून सांगेन की का उरली नाही.